बातमीचं वय

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून माझ्या साडूंइतका एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस आजवर झालेला नाही, आणि यापुढं होईल अशी भीतीही मला वाटत नाही. माझी बायको थोरली, त्यांची मधली, एवढ्या नात्यानं ते माझ्या वाट्याला आले. नाहीतर मी जुन्नरात मोटरा रिवाइंड करणारा, दिवसभर तांब्याच्या तारेत बोटं गुंतवून बसलेला माणूस. ते खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला. आमची गाठ पडायचं तसं काही कारणच नव्हतं. ही गोष्ट नव्वदीच्या अखेरीची. मोबाईल आमच्याकडं अजून पोचायचा होता. बातमी यायची ती एसटीनं, मोटरसायकलवरून, नाहीतर बाजारातल्या लोकांच्या तोंडून, आणि साडूंचा यातल्या एकाही वाहनावर पुरता भरवसा नव्हता. तुम्ही त्यांना काहीही सांगा, अगदी बाहेर ऊन पडलंय एवढंच सांगा, ते मान किंचित कलती करून चष्म्याच्या वरून बघत अत्यंत शांतपणे विचारायचे, "हे कधीचं?"

सुरुवातीला मला वाटलं माणूस संशयी आहे, आणि सासऱ्यांनी मधलीला कुठं देऊन टाकलं म्हणून मी दोन दिवस हळहळलोही. पण तसं नव्हतं. संशयी माणसाला वाटतं समोरचा खोटं बोलतोय. साडूंना असं कुणाबद्दल कधी वाटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की तुम्ही खरंच बोलताय, फक्त ते खरं कधीचं आहे तेवढं सांगून टाका. मधलीनं म्हटलं की मीठ संपलंय, तर हे विचारणार, बरणी कधी बघितली होतीस. सकाळी बघितली म्हणाली, की हे उठून बरणी बघणार. कारण मधल्या वेळात शेजारणीनं उसनं नेलेलं मीठ परत आणून दिलेलं असू शकतं. एकदा नेमकं तसंच निघालं, आणि त्या दिवसापासून मधलीला त्यांच्याशी वाद घालायची जी काही सोय होती तीही गेली. जुन्नरच्या स्टँडवर ते नारायणगावच्या गाडीची चौकशी करायचे. खिडकीतला माणूस सांगायचा, येतेय. हे आभार मानून बाकावर बसायचे, आणि शेजारच्याचं पान अजून रंगलंही नसेल तोवर पुन्हा खिडकीशी. शेवटी शेवटी तर साडू लांबून येताना दिसले की तो माणूस आपण होऊन ओरडून सांगायचा, "साहेब, गाडी अजून न्हाई!" मग साडू जागीच उभे राहून ते मनात नीट नोंदवून घ्यायचे. न विचारता मिळालेल्या माहितीचं काय करायचं, याचंही त्यांच्यापाशी एक वेगळं शास्त्र होतं.

आमच्या घरी आले की चपला काढता काढताच सगळं नव्यानं विचारून घ्यायचे. घरात कोण कोण आहे, आईचा खोकला कसा आहे, धाकट्याचा हलता दात पडला का. माझी आई त्यांच्यावर जीव टाकायची, कारण तिच्या खोकल्याची चौकशी इतक्या वेळा दुसऱ्या कुणी केलीच नव्हती. पण मी पडलो तापट. एकदा मी म्हणालो, अहो काल रात्री तुम्ही ह्याच घरात जेवलात, आईचा खोकला तुमच्या कानानं ऐकलात, आता आज परत काय विचारता? ते जराही न रागावता म्हणाले की ते कालचं झालं, दार आज उघडलंय. दार उघडताना तरी नव्यानं विचारलंच पाहिजे. मी म्हटलं, बसा. दुसरं काय म्हणणार.

हे सगळं कुठून आलं ते मला एकदा नारायणगावच्या स्टँडसमोर चहा पिताना कळलं. मी त्यांना सरळच विचारलं की राव, तुम्ही तिथं खोडदला करता तरी काय. कांद्याच्या आणि मक्याच्या शेतांमधून त्या जाळीच्या अवाढव्य थाळ्या आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत एवढं आम्हाला दिसायचं. आत काय चालतं ते कोण सांगणार? साडूंनी भज्यांची बशी ओढून टेबलाच्या एका टोकाला ठेवली आणि चहाचा ग्लास दुसऱ्या टोकाला. बशी म्हणजे मोठं मशीन. आकाशातून जे काही येतं ते सगळं फायलींमध्ये साठतं आणि त्या फायली ह्या मोठ्या मशीनच्या पोटात, थंड खोलीत राहतात. ग्लास म्हणजे लहान मशीन. बघणारी माणसं दुसऱ्या खोल्यांमध्ये त्याच्यापुढं बसतात. मधे वायर. लहान मशीनसमोरच्या माणसाला वाटतं फाईल इथंच आहे, पण असते ती पलीकडं. म्हणून लहान मशीन मोठ्याला विचारतं, अमकी फाईल केवढी आहे, कुणाची आहे, शेवटची कधी बदलली. मोठं मशीन सांगतं. आता दर वेळी विचारत बसलं तर वायर तुंबून जाईल, म्हणून लहान मशीन ते उत्तर थोडे सेकंद स्वतःजवळ ठेवतं आणि तेवढ्यात पुन्हा कुणी विचारलं तर तेच सांगून मोकळं होतं. मी म्हटलं, आणि तेवढ्यात तिकडं फाईल वाढली तर?

"तर ते शिळं सांगतं," साडू म्हणाले, "आणि छातीठोकपणे सांगतं. खोटं नाही बोलत बिचारं. त्याला माहीतच नसतं."

पुढं त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. मोठं मशीन जरा बोलघेवडं असतं. तुम्ही त्याच्याकडं फायलीतला मजकूर मागा, ते मजकूर तर देतंच, वर न विचारता फाईल आता केवढी आहे, कधी बदलली हेही सांगून टाकतं. ही फुकटची माहिती टाकून द्यायची नाही, घ्यायची. पण वायरीवर उत्तरं मागंपुढं होतात. आधी निघालेलं नंतर पोचतं. जे शेवटी पोचलं तेच ताजं असं समजून चाललात, तर नव्या माहितीच्या उरावर जुनी येऊन बसते आणि ती खालची नवी होती हेसुद्धा कळत नाही. म्हणून पोचलं कधी ते बघायचंच नाही, तिथून निघालं कधी ते बघायचं. आणि ते ठरवता येत नसेल, तर दोन्ही बाजूला ठेवून थेट मोठ्या मशीनला पुन्हा विचारायचं. एवढं सांगून होईपर्यंत मोठ्या मशीनमधली भजी मी संपवली होती. मी म्हटलं, एवढं विचारायचे तुम्हाला पगार देतात? ते म्हणाले, हो, वेळेवर.

मला ते तेव्हा पटलं म्हणायला हरकत नाही, कारण त्याच्या आदल्याच महिन्यात माझी फजिती झाली होती. रविवारच्या बाजारात कुणीतरी मला म्हणालं होतं, ओतूरकडचे तुमचे मावससासरे फार आजारी हायेत, काय खरं न्हाई. मी दुकान बंद केलं, केळी घेतली, चेहरा लांब केला आणि गाडी मारत गेलो. मावससासरे खळ्यावर ज्वारी उफणत होते. मला बघून म्हणाले, पावणं, तुमी एवढं का उतरलात, तब्येत बरी हाय ना? आजारी होते ते दिवाळीत. बातमी निघाली दिवाळीत, जुन्नरला पोचली शिमग्याला, आणि केळी खाल्ली मावससासऱ्यांनी. साडू हे ऐकून हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि विचारलं, म्हणजे आता त्यांची तब्येत बरी आहे हे कधीचं?

तर असे हे साडू. आता मुख्य गोष्ट सांगतो, ती आमच्या मेव्हणीच्या लग्नाची.

सासरे बोरी बुद्रुकचे. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन घरी आलेले. आवाज मात्र अजून भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. तिघी मुली. दोघींची आमच्यासारख्या लोकांशी लग्नं झाली. राहिली होती धाकटी. ती नारायणगावच्या एका दवाखान्यात नर्स होती, कमी बोलणारी, आणि बोलली तर खाली बघून न बोलणारी. घोडेगावचं एक स्थळ आलं. मुलगा वायरमन, आधी एका ठेकेदाराच्या हाताखाली होता, आता स्वतःची कामं घेत होता. आई वारलेली, घरात बाप-लेक दोघंच. बघायला आले, जयभीम झाला, पोहे झाले. मुलाचे हात बघून मी तर तिथंच खूश झालो. वायरच्या कामानं पडलेले घट्टे मला ओळखू येतात. पण आमचे साडू बसले होते ना. त्यांनी मुलाला विचारलं, काम कसं चाललंय. त्यानं सांगितलं. पोहे झाल्यावर साडूंनी पुन्हा विचारलं, काम कसं चाललंय. त्यानं पुन्हा तेवढ्याच शांतपणे सांगितलं. चहा आला, साडूंनी पुन्हा विचारलं. मुलाचे वडील बिचकून माझ्याकडं बघू लागले, सासऱ्यांनी खाकरून पाहिलं. मुलगा मात्र म्हणाला, अजून चांगलंच चाललंय. त्यानंतर दोघांना कांद्याच्या चाळीकडं जरा बोलायला पाठवलं. पाहुणे गेल्यावर धाकटीनं बहिणींना सांगून टाकलं की हाच. ज्यानं मधल्या दाजींना तीनदा उत्तर दिलं आणि कपाळाला आठी पडू दिली नाही, त्याच्याशी संसार करायला काही हरकत नाही.

साखरपुड्याचा दिवस धरला. सासूबाईंनी पातळं आणली. आणि त्या आठवड्यात, आम्ही दोघं साडू तयारीसाठी तिथं असतानाच, माझ्या बायकोचे मामा बोरीला उगवले. मामा म्हणजे न विचारता सांगणाऱ्यांतले. चहाचा कप हातात यायच्या आत त्यांनी सांगितलं की मंचरच्या भांडीवाल्याकडं आंदणाची भांडी बघायला गेलो होतो, कुणाचं लग्न म्हणून त्यानं विचारलं, मी मुलाचं सांगितलं, तर तो म्हणाला की त्या पोराला पोरगी देता? आकडा लावत फिरतं ते, बापानं घराबाहेरसुद्धा काढलं होतं त्याला. सासऱ्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. धाकटी दारात आली, काहीतरी बोलणार होती. सासरे म्हणाले, "तू आत जा." ती आत गेली. आत म्हणजे ज्वारीच्या कणगीशी जाऊन उभी राहिली, ते मला उघड्या दारातून दिसत होतं. सासऱ्यांनी निकाल दिला की मोडलं. आणि मोडल्याचा निरोप द्यायला मला फर्मावलं, कारण मोटरसायकल माझ्याकडं होती. साडू तिथंच बसलेले. त्यांनी मामांना विचारलं, हे कधीचं? मामा भडकले. म्हणाले, परवाचं, परवा मी ह्या कानानं ऐकलं. साडू म्हणाले, तुम्ही ऐकलं परवा, ते मला समजलं. त्यानं कधी ऐकलं? मामांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नसावा. साडू उठले, माझ्यामागं गाडीवर बसले आणि म्हणाले, चला भाऊ.

वाटेत मी त्यांच्यावर चिडलोच होतो. म्हटलं, तुम्ही तर मुलाला समोरासमोर विचारून बसलात, तीनदा, आता हे काय निघालं? ते म्हणाले, माझ्याकडची माहिती आधीची आहे, ही नंतर पोचलीय, पण निघाली कधी ते माहीत नाही; ते कळेपर्यंत दोन्ही बाजूला. मंचरला भांडीवाल्याच्या दुकानात आम्ही एक पातेलं उगाच हातात घेऊन उभे राहिलो. माणूस सज्जन होता. म्हणाला, अहो, मी काय खोटं कशाला सांगू, मला घोडेगावच्या सलूनवाल्यानं सांगितलं. कधी? तो आठवू लागला. दुकानाचं शटर बसवलं त्या साली. म्हणजे त्याआधी फळ्या होत्या, त्या एकट्याला लावता यायच्या नाहीत; शटर आलं तेव्हा दुकान बंद करून तो घोडेगावला पाहुण्यांकडं गेला होता आणि तिथं दाढीला बसला होता. आम्ही शटरकडं बघितलं. शटर चांगलं गंजलेलं होतं. साडूंनी पातेलं खाली ठेवलं आणि त्या दिवसात प्रथमच मला त्यांचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा वाटला.

घोडेगावच्या सलूनमध्ये दोघंजण नंबर लावून बसले होते. सलूनवाल्यानं आम्हाला गिऱ्हाईक समजून आरसा पुसला. साडूंनी विचारलं तेव्हा म्हणाला, हो, म्हणालो असंन मी, खरंच व्हतं ते. तवा माझ्याकडं ही फिरती खुर्ची नव्हती, लाकडी व्हती. साडूंनी पुढं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "त्याच्या बापानंच की. त्या लाकडी खुर्चीत बसून, निम्मी दाढी झाली असताना रडला तो माणूस. म्हनला, मी पोरगं टाकलं." आणि त्यानंतर? त्यानंतर काही नाही. त्यानंतर ते इकडं दाढीला यायचेच बंद झाले. सलूनवाल्याला वाटलं, लाज वाटत असंल. मीही तसंच धरलं आणि माझं मन पुन्हा खट्टू झालं. साडू गाडीकडं चालू लागले. त्यांना आता फक्त मोठ्या मशीनकडं जायचं होतं.

मुलाचे वडील ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. आम्ही आधी कळवल्याशिवाय आलो, तेव्हाच त्यांना काय ते कळलं असावं. मुलगा कामावर गेला होता. त्यांनी पाणी द्यायला तांब्या उचलला आणि मी बघितलं की हात थरथरतोय, निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. पण गाल बघितले तर गुळगुळीत, ताजी दाढी, एक ओरखडा नाही. साडूंनीही ते बघितलं होतं. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, दाढी कोण करतं? म्हातारा म्हणाला, पोरगं. हात कापायला लागल्यापासून रोज सकाळी कामाला जायच्या आधी तेच करतं. मग आम्ही कशासाठी आलोय ते सांगावं लागलं; मीच सांगितलं, शक्य तेवढं हळू. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "काढलं व्हतं मी त्याला. आकड्याच्या नादी लागलं व्हतं. त्याची आई अंथरुणाला खिळली तवा आपल्या पायानं परत आलं, आन् तिचं हागणं-मुतणं काढलं त्यानं. मी नाय, त्यानं. ती गेली तरी ऱ्हायलं. पुन्हा आकड्याला शिवलं नाय." मग म्हणाले, "वाईट सांगायला मी गावभर हिंडलो, पावणं. पोरगं सुधारलं तवा मात्र घरातच बसून ऱ्हायलो. ते कुणाला सांगितलंच नाय."

साडू चष्मा पुसत होते, आणि तो बराच वेळ पुसला जात होता. मग म्हातारा उठला, डोक्याला टोपी घातली आणि म्हणाला, मला जरा त्या सलूनपर्यंत न्या. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून नेलं. तो त्या फिरत्या खुर्चीत बसला. सलूनवाला फडकं झटकू लागला तर म्हणाला, दाढी नको, दाढी झालीय. बसल्या जागेवरून त्यानं त्या दोन नंबर लावलेल्या गिऱ्हाइकांसकट सगळ्यांना सांगितलं की माझं पोरगं चांगलं निघालं. मागं मी इथं जे बोललो ते तवाचं व्हतं. आता हे सांगा लोकांना. सलूनवाल्याच्या हातात वस्तरा होता, तो त्यानं हळूच खाली ठेवला. आम्ही निघताना त्यानं पायरीपर्यंत म्हाताऱ्याचा हात धरला.

बोरीला पोचलो तेव्हा सगळे ओसरीवरच होते, मामासुद्धा. साडूंनी सगळं सांगितलं, कुठून निघालं, कुठं कुठं थांबलं, कसं पोचलं. सासरे ऐकत होते. पण कंडक्टर तो कंडक्टर. शेवटी म्हणाले, ठीक हाय, पण हे लपवलं का आमच्यापासून? तेव्हा धाकटी दारात आली आणि यावेळी कुणी आत जा म्हणायच्या आत बोलली.

"लपवलं नाय. त्यांनी मला सांगितलं व्हतं, चाळीपाशी. पहिल्याच दिवशी, सगळं."

सासरे म्हणाले, मग बोलली का नाहीस?

"मला विचारलं कुणी?"

मी साडूंकडं बघितलं. भांडीवाल्याला विचारलं, सलूनवाल्याला विचारलं, मुलाला पोह्याआधी आणि पोह्यानंतर विचारलं. एक हिला तेवढं विचारायचं राहिलं होतं. त्या माणसाचा चेहरा मी तसा कधी बघितला नाही. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, चुकलं आमचं. आणि मग सासऱ्यांनी, ज्यांनी दोन मुलींची लग्नं लावताना घरातल्या कुठल्याच बाईला काही विचारल्याचं माझ्या बायकोला आठवत नाही, त्यांनी आपला तो गाडीभर पोचणारा आवाज इतका खाली आणला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. ते म्हणाले, "मग आता सांग बाई. तुझं काय म्हननं हाय?" धाकटी म्हणाली, करायचं. सासूबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. मामांनी चहा मागितला.

लग्न झालं, विहारापुढच्या मांडवात, पांढऱ्या कपड्यांत दोघं फार छान दिसत होती. धाकटी आज घोडेगावात सुखात आहे. तिचे सासरे नातवंड मांडीवर खेळवून मग गेले, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या गालावर ओरखडा नव्हता. पण मला सांगायचंय ते साडूंबद्दल. तो माणूस त्यानंतर जरा बदलला. विचारायचं काही कमी झालं नाही, आमच्या घरी आले तर आता आधी स्वयंपाकघरात जाऊन बायकांना विचारायचे आणि मग आमच्याकडं वळायचे. पण त्याबरोबर त्यांना एक नवीनच खोड लागली. ते न विचारता सांगू लागले. स्टँडवर उतरले की पानवाल्याला सांगायचे, तुमच्या गल्लीतला तो दहावीला नापास झालेला होता ना, तो आता पास झाला. दूधवाल्याला सांगायचे, खोडदच्या अमक्याची दारू सुटलीय, मी कालच बघून आलो. लोक गोंधळायचे, कुणी हसायचे. ज्याची वाईट बातमी गावात अजून फिरतेय त्याची नवीन बातमी हुडकून काढायची आणि पायी जाऊन ती सगळीकडं पोचवायची, हा त्यांचा सुट्टीच्या दिवसाचा धंदाच झाला. मी चिडवायचो, म्हणायचो, याचाही पगार मिळतो का? म्हणायचे, नाही, हे घरचं.

पुढं काही वर्षांनी त्यांची पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात आले. मला बरे दिवस नव्हते तेव्हा. मधे पाठदुखीनं मी आडवा पडलो होतो, घाईघाईत तार भरलेल्या दोन-तीन मोटरा आठवड्यात जळून परत आल्या होत्या आणि माझ्या कामाला आता हात राहिला नाही असं बाजारात पसरलं होतं. ते मला माहीत होतं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण गिऱ्हाईक तुटत होतं. त्या दिवशी दुकानात बोरीकडचे दोन शेतकरी पाणबुडी मोटर घेऊन आले होते आणि ती ठेवावी की नारायणगावला न्यावी अशा विचारात उभे होते. मी खाली बघून तार गुंडाळत होतो. साडू स्टुलावर बसले. त्यांनी माझ्या तब्येतीचं विचारलं, आईचं विचारलं, आणि मग त्या दोघांकडं वळून, त्यांनी काहीही विचारलेलं नसताना, सांगायला लागले. की ह्यांची पाठ आता बरी आहे. की मागच्या महिन्यापासून भरलेल्या मोटरांपैकी एकही परत आलेली नाही, मी स्वतः जाऊन त्या त्या विहिरीवर बघून आलोय, आणि ही माहिती कालची आहे.

विहिरीवर जाऊन बघून आलोय. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी मान वर केली नाही, कारण डोळ्यांतलं पाणी वार्निशच्या वासानं आलंय असं सांगितलं असतं तर ते त्या माणसाला पटलं नसतं. शेतकऱ्यांनी मोटर खाली ठेवली आणि गेले.

आता ते पुण्यात आहेत. फोन करतात, आता माझा खोकला विचारतात, आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्याबद्दल बोलतात. इकडं बाजारात माणसं भरपूर भेटतात, बातम्याही भरपूर सांगतात. पण आपल्यामागं आपल्याबद्दल चांगलं बोलायला कुणी उन्हातून विहिरी हिंडत असेल असं आताशा वाटत नाही, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना मला त्यांची फार आठवण येते.